पांढरा उंदीर भित्रा असतो का? केसांचा रंग, जनुकं आणि मेंदू

शेवंती

नमस्कार. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहायला बसले.

मी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वागणुकीवर काम करते. रोजचं काम म्हणजे पिंजऱ्यातून उंदीर काढायचा, चौकोनी उघड्या खोक्यात सोडायचा आणि तो काय करतो ते टिपायचं. या चाचणीला ओपन फील्ड म्हणतात. खोक्यात लपायला काहीच नसतं. भ्यालेला उंदीर भिंतीला अंग घासत कडेकडेने फिरतो, एखाद्या कोपऱ्यात थिजून बसतो आणि लेंड्या टाकतो. धीट उंदीर थोड्याच वेळात मधोमध येतो, मागच्या पायांवर उभा राहतो, नाक वर करून हुंगतो.

माझ्याकडे दोन जातींचे उंदीर होते. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे बाल्ब-सी आणि काळेकुळकुळीत ब्लॅक सिक्स. पहिल्याच आठवड्यात फरक डोळ्यांत भरला. पांढरे कोपऱ्यात, काळे मैदानात. वहीत मी लिहूनही टाकलं की पांढरे भित्रे, काळे धीट. अर्धं वर्ष त्याच वहीत भर पडत गेली.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती वही चाळली आणि एकच विचारलं, "दिवा कुठला लावतेस?" मी लावत होते लखलखीत पांढरा. त्यांनी तो बंद करून अंधूक लाल दिवा लावायला सांगितला. उंदराला लाल उजेड जवळपास दिसत नाही, त्याच्या लेखी तो काळोखच. त्या उजेडात मी एक बाल्ब-सी खोक्यात सोडला. तो क्षणभर थबकला, मिशा थरथरल्या, आणि सरळ मधून चालत पलीकडच्या कोपऱ्यात गेला. मी तशीच उभी राहिले. माझ्या नोंदींमध्ये उंदराचा स्वभाव किती आणि माझा दिवा किती, हे मला सांगता येईना.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही गोष्ट १९६६ मध्येच छापून आली आहे. डीफ्रीस, हेगमन आणि वीर यांनी याच दोन जातींचा संकर केला. पुढच्या पिढ्यांत बाकीची जनुकं सरमिसळ होतात आणि पांढरी व रंगीत पिल्लं एकाच आईच्या पोटी येतात. पांढऱ्या उजेडात पांढरी भावंडं कमी फिरली आणि त्यांनी लेंड्या जास्त टाकल्या. लाल उजेडात हा फरक बराचसा मावळला. पुढे डीफ्रीस यांनी खोक्यात जास्त फिरणारे उंदीर एकीकडे आणि कमी फिरणारे दुसरीकडे, असे निवडून तीस पिढ्या वाढवले. रंगाकडे बघून निवड केली नव्हती, तरी कमी फिरणाऱ्या वंशांत अखेरीस पांढरेच उंदीर उरले.

म्हणजे रंगाच्या जनुकाचा वागणुकीशी संबंध आहे, पण तो "स्वभाव" म्हणून नाही, डोळ्यांच्या वाटेने आहे. माझा प्रश्न असा, की प्रत्येक रंगाची हीच गत आहे का? की एखादं रंगाचं जनुक खरोखर मेंदूतही काम करतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

काजवा

छान धागा. एक शंका. पांढऱ्या उंदराला दिसतच नाही, असं समजायचं का?

शेवंती

नाही, दिसतं. पण कमी आणि वेगळं दिसतं. डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्यात रंगद्रव्य नसल्यामुळे उजेड बाहुलीतून येतो तसाच त्या पडद्यातूनही आत झिरपतो. भर उजेडात त्याला दिपल्यासारखं होत असणार.

त्याहून खोल गोष्ट मेंदूतल्या जोडणीची आहे. दोन्ही डोळ्यांतून निघालेले तंतू वाटेत एकमेकांना ओलांडतात. उंदरात बहुतेक तंतू विरुद्ध बाजूच्या मेंदूत जातात, शंभरातले जेमतेम तीन-चार त्याच बाजूला राहतात. पांढऱ्या उंदरात हे त्याच बाजूला राहणारेही घटतात. गंमत बघा, ज्या पेशींचे हे तंतू आहेत त्यांच्यात रंगद्रव्य कधीच नसतं. ते असतं दृष्टिपटलाच्या मागच्या थरात. गर्भात त्या थराला रंग चढत असतानाच शेजारी या पेशी घडत असतात, आणि रंग चढलाच नाही तर पेशींच्या घडणीचं वेळापत्रक बिघडतं. सयामी मांजरं तिरळी दिसतात त्यामागेही अशीच चुकलेली जोडणी आहे. म्हणजे एका रंगाच्या जनुकामुळे मेंदूची वायरिंग बदलते, आणि तेही ते जनुक मेंदूच्या त्या पेशीत कामाला नसताना.

आणि आंधळेपणाबद्दल. सी३एच नावाची एक जात आहे, रंगाने अगदी रानउंदरासारखी भुरकट. ती दृष्टिपटलाच्या वेगळ्याच बिघाडामुळे लहानपणीच आंधळी होते. एफव्हीबी ही पांढरी जातही त्याच बिघाडाने आंधळी. ब्लॅक सिक्सला दिसतं, बाल्ब-सीलाही बऱ्यापैकी दिसतं. पाण्यात बुडालेला ओटा शोधायच्या चाचणीत सी३एच उंदीर गोल गोल पोहत राहिला तर "याची स्मरणशक्ती वाईट" असं लिहिणं म्हणजे त्या जिवावर अन्याय आहे. त्याला भिंतीवरच्या खुणाच दिसत नाहीत. रंग बघून दृष्टीचा अंदाज करायचा नाही, हे मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगते.

रानवाट

शेवंती, एक मुद्दा सुटतोय असं वाटतं. केसातलं काळं रंगद्रव्य टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं. मेंदूतलं डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायनही टायरोसिनपासूनच बनतं. दोन्ही वाटांवर मधला टप्पा म्हणून डोपा लागतं. मग ज्याच्यात रंगद्रव्यच बनत नाही त्याच्या मेंदूत डोपामिनचा काहीतरी घोळ असणारच ना? मी हे दोन-तीन ठिकाणी अगदी ठामपणे लिहिलेलं वाचलं आहे.

जुनाजाणता

रानवाट, हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी यायचा, आणि तो विचारणारा मुलगा विचार करणारा असायचा. पण उत्तर "नाही" असं आहे.

रंगपेशीत टायरोसिनवर काम करणारं विकर टायरोसिनेज. मेंदूत डोपामिनसाठी काम करणारं विकर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण जनुकं वेगळी आणि कारखानेही वेगळे. प्रयोगशाळेतल्या जुन्या पांढऱ्या जातींमध्ये टायरोसिनेजच्या साखळीतलं १०३ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, सिस्टीनच्या जागी सेरीन. तेवढ्याने ते विकर निकामी होतं. डोपामिनचा कारखाना मात्र चालूच असतो. माणसातही बघा. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा काळा पट्टा असतो, तो जन्मतः पांढऱ्या, म्हणजे अल्बिनो, माणसांमध्येही काळाच असतो.

आता शेवंतीच्या मूळ प्रश्नाकडे. रंगाचं जनुक खरोखर मेंदूत जाऊन काम करतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे पिवळा उंदीर. मी हे आयुष्यभर शिकवलं आणि दर वेळी मला नव्याने आनंद झाला, म्हणून जरा लांबण लावतो.

रानउंदराचा एक केस उपटून भिंगाखाली धरा. बुंधा काळा, टोक काळं, आणि टोकाच्या जरा खाली एक पिवळा पट्टा. केस वाढत असताना मुळाशी असलेल्या पेशी काही दिवसच एक प्रथिन सोडतात, अगूटी नावाचं. ते शेजारच्या रंगपेशीवरच्या एमसी१आर या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं, काळं बनवायचा निरोप अडवतं, आणि तेवढा वेळ पिवळा रंग बनतो. अगूटी बंद झालं की पुन्हा काळा. भुरकट रंग असा पट्ट्यापट्ट्यांनी तयार होतो. ब्लॅक सिक्समध्ये हे अगूटीच मोडलेलं आहे, म्हणून तो अखंड काळा.

उलट टोकाला एक पिवळाधमक उंदीर आहे. फ्रान्समध्ये क्यूनो यांनी १९०५ मध्ये नोंदवलं की पिवळ्याला पिवळा जोडला तरी शुद्ध पिवळा वंश काही मिळत नाही. १९१० मध्ये कॅसल आणि लिटल यांनी उलगडा केला. दोन्हीकडून पिवळ्याचं जनुक आलं की गर्भ पोटातच मरतो, म्हणून जन्मलेल्यांत दोन पिवळ्यांमागे एक साधा असं प्रमाण पडतं. पण जे जगतात त्यांच्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. ते खात सुटतात. वयात आल्यावर पाहता पाहता गोलमटोल होतात, हातात घेतले तर तळव्यावर पसरतात, पुढे मधुमेहासारखी लक्षणं दिसतात.

केसाच्या रंगाचा भुकेशी काय संबंध? अनेक दशकं कुणालाच कळेना. १९९२ मध्ये अगूटी जनुक हाती लागलं तेव्हा उत्तर मिळालं. पिवळ्या उंदरात त्या जनुकाच्या अलीकडचा मोठा तुकडा गळून पडलेला असतो आणि शेजारच्या जनुकाचं बटण अगूटीला लागलेलं असतं. ते बटण सगळ्या शरीरात सदा चालू, मेंदूतही. मेंदूत रंगपेशीवरच्या ग्राहीचा एक भाऊबंद आहे, एमसी४आर. "पोट भरलं, आता थांब" हा निरोप त्याच्यामार्फत जातो. नको त्या जागी आलेलं अगूटी तोही निरोप अडवतं. १९९७ मध्ये एमसी४आर काढून टाकलेला उंदीर तयार झाला. तोही लठ्ठ, पण त्याचा रंग जसाच्या तसा.

त्याच वर्षी कळलं की मेंदूकडे अगूटीचा स्वतःचा नातलग मुळातच असतो. त्याचं नाव एजीआरपी, आणि तो मेंदूच्या तळातल्या मोजक्या पेशींत बनतो. २०११ मध्ये या पेशी बाहेरून चेतवून बघितल्या तेव्हा पोट भरलेले उंदीरही मिनिटांत अन्नावर तुटून पडले. रंगाच्या मागे लागलेली माणसं शेवटी भुकेच्या गाभ्याशी पोचली. माणसातल्या तीव्र, लहानपणीच सुरू होणाऱ्या लठ्ठपणात एमसी४आरचे बिघाड सापडतात, ते शोधायची दिशा या पिवळ्या उंदराने दाखवली.

एक सावधगिरी मात्र हवी. साध्या उंदरात अगूटी कातडीत राहतं, ते मेंदूत ढवळाढवळ करत नाही. पिवळ्या उंदरात ते नको तिथे पाझरतं म्हणून हे होतं. तेव्हा "अगूटी हे भुकेचं जनुक" असं लिहू नका.

अबोली

जुनाजाणता काका, अगदी रंगून वाचलं. माझ्याकडून याच कुटुंबातली पुढची गोष्ट. मी डॉक्टर आहे, भूल आणि वेदना हा माझा विषय.

रंगपेशीवरची जी एमसी१आर ग्राही काकांनी सांगितली ती मोडली की उंदीर पिवळसर-तांबूस होतो. माणसात तिचे ढिले प्रकार म्हणजे लाल केस. २००३ मध्ये मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही ग्राही निकामी असेल तर एका प्रकारच्या वेदनाशामकाचा परिणाम बदलतो, तोही फक्त माद्यांमध्ये, आणि माणसांत फक्त बायकांमध्ये.

२०२१ मध्ये कारण बरंचसं उलगडलं. तांबूस उंदराला वेदना जाणवायला जास्त जोराचा चटका लागतो. हे रंगद्रव्यामुळे होतं का ते पाहिलं, तर नाही. रंगद्रव्य बनो न बनो, परिणाम तोच. पण रंगपेशी मात्र लागतात. एमसी१आर निकामी असलेल्या रंगपेशी एक संप्रेरक कमी बनवतात, रक्तात ते घटतं, त्यामुळे मेंदूतल्या एमसी४आरवरचा रेटा कमी होतो आणि शरीराची स्वतःची अफूसारखी वेदनाशामक यंत्रणा वरचढ ठरते. काकांची भुकेची ग्राही इथे वेदनेच्या कामात दिसते! कातडीतली पेशी रक्तातून मेंदूला निरोप देते, ही शेवंतीला हवी होती ती "त्वचा ते मेंदू" सरळ वाट.

दुसरं, शेजाराबद्दल. उंदरात गुलाबी डोळे आणि फिकट अंग देणारं ओसीए२ हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या लगत हर्क२ नावाचं मोठं जनुक, आणि जरा पुढे मेंदूतल्या गाबा या चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहींची तीन जनुकं. एखादा तुकडा गळून ओसीए२ आणि हर्क२ दोन्ही गेली, तर फिकट, खुरटा, झटके देत चालणारा आणि वांझ उंदीर जन्मतो. पूर्वी हे सगळं "फिकट रंगाच्या जनुकाचे दुष्परिणाम" वाटायचं. खरा दोषी शेजारी निघाला. माणसात हीच वस्ती पंधराव्या गुणसूत्रावर आहे. प्रॅडर-विली आणि एंजलमन ही दोन मेंदूविकाराची लक्षणसमूहं बहुतेकदा तिथला तुकडा गळाल्याने होतात, आणि अशी मुलं घरातल्या इतरांपेक्षा उजळ असतात. त्या मुलांच्या आजाराला तो उजळपणा कारण नाही. दोन्ही जनुकं एकाच तुकड्याबरोबर गेली, एवढाच त्यांचा संबंध.

काजवा

मग शेवंतीचा १९६६ चा प्रयोगही शेजाऱ्यामुळे असू शकतो की! पांढऱ्या भावंडांत टायरोसिनेजच्या आजूबाजूचा तुकडाही बाल्ब-सीचाच आला असेल.

शेवंती

बरोबर पकडलंत. म्हणूनच लाल उजेडाची परीक्षा मोलाची. शेजारचं जनुक दोषी असतं तर त्याला दिव्याच्या रंगाचं काय देणंघेणं? उजेड बदलल्यावर फरक मावळतो म्हणजे मुख्य वाट डोळ्याची. पण मावळून जो थोडासा उरतो, त्यात शेजाऱ्यांचा हात असू शकतो. जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या अभ्यासातही हीच अडचण येते. १२९ जातीच्या पेशीत बदल करून ब्लॅक सिक्समध्ये संकर केला की बदललेल्या जनुकाबरोबर १२९ चा शेजारही पिढ्यानपिढ्या चिकटून येतो.

निशाचर

मी फार लिहीत नाही, वाचत असतो. पण या धाग्यावर महोगनी उंदराचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. मी मेंदूचे पातळ काप करून रंगवायचं काम करतो.

महोगनी म्हणजे भुरकट असायला हवा होता पण गडद झालेला उंदीर. पाठ जवळजवळ काळी, दिसायला फार देखणा. त्याच्यात अ‍ॅट्रॅक्टिन हे जनुक बिघडलेलं असतं. अगूटीला रंगपेशीवर काम करायला अ‍ॅट्रॅक्टिनची मदत लागते. ती मिळाली नाही की पिवळा पट्टा बनत नाही. याच बिघाडाने पिवळ्या उंदराचा लठ्ठपणाही आटोक्यात येतो. इतपत वाचून वाटेल की नुसती रंगाची गोष्ट. पण त्या उंदराला शेपटीने न धरता तळहातावर घ्या आणि स्वस्थ राहा. बारीक थरथर जाणवते, सतत. आणि त्याच्या मेंदूचा काप दुर्बिणीखाली ठेवला की जागोजागी पोकळ्या, स्पंजसारख्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काप कापताना चूक झाली असं वाटून पुन्हा कापला. पुन्हा तेच.

महोगनॉइड नावाचा दुसरा गडद उंदीर आहे, त्यात वेगळंच जनुक बिघडलेलं, पेशीतल्या प्रथिनांवर निकालात काढायची खूण लावणारं. २००३ मध्ये त्याच्याही मेंदूत वय वाढल्यावर अशाच पोकळ्या सापडल्या. दिसायला प्रायॉन रोगासारखं, म्हणजे वेडंवाकडं झालेलं प्रथिन मेंदू पोखरतं त्या रोगासारखं, पण प्रायॉनचं वेडंवाकडं प्रथिन तिथे साठलेलं नसतं. रंगासाठी नाव मिळालेली दोन जनुकं, आणि दोन्ही चेतापेशी धडधाकट ठेवायच्या कामातली. इथे डोळा नाही, शेजार नाही. तेच जनुक मेंदूतही लागतं.

तसाच राखाडी झाक असलेला डायल्यूट उंदीर. मायोसिन-फाइव्ह-ए हे प्रथिन पेशीच्या आत माल वाहतं. रंगपेशीत रंगाच्या गोण्या फांद्यांच्या टोकापर्यंत नेतं. ते नसेल तर गोण्या मध्येच गोळा होतात आणि केस फिका दिसतो. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशीत तोच हमाल दुसरा माल काट्यांसारख्या उंचवट्यांपर्यंत नेतो. प्रथिन पूर्ण गेलं तर पिल्लू लडखडतं, आकडी येऊन पाठ उलटी कमानीसारखी वाकते आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात मरतं. डीबीए जातीत मात्र एका विषाणूचा तुकडा या जनुकात घुसलेला आहे. त्याने रंग फिका होतो, पण मेंदूत पुरेसं प्रथिन बनत राहतं, म्हणून ती जात धडपणे चालते.

रानवाट

निशाचर, अशा नोंदी तुम्ही वारंवार लिहायला हव्यात.

आता माझा जुना हट्ट. माणसाळलेल्या प्राण्यांत पांढरे ठिपके का येतात? बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगात फक्त शांतपणा बघून निवड केली, तरी कपाळावर पांढरी चांदणी उमटली. अमेरिकेत कीलर यांनी १९४० च्या दशकात लिहिलं होतं की ‘रॅट’ म्हणतात ते जे मोठे पांढरे-काळे उंदीर आहेत, त्यांच्यात अगूटी मोडलेलं काळं जनुक प्राण्याला शांत करतं. हरीण-उंदीर या अमेरिकेतल्या रानटी उंदरांवर १९९७ मध्ये हेसन यांनी केलेल्या अभ्यासातही काळे उंदीर हाताळायला सोपे निघाले. एवढे धागे एकाच दिशेला जात असताना रंग आणि स्वभाव यांचा थेट संबंध नाकारायचा कसा?

जुनाजाणता

नाकारू नका, पण प्रत्येक धागा वेगळा तपासा. कीलर यांच्या मोठ्या उंदरांमध्ये काळे आणि भुरकट यांची वंशावळच वेगवेगळी होती. काळे वंश माणसाच्या हाताखाली जास्त पिढ्या काढलेले. काळा रंग शांत करतो की शांत वंशात काळा रंग आहे, हे त्यातून सुटत नाही. हरीण-उंदरांचा पुरावा मला जास्त वजनाचा वाटतो. पण ब्लॅक सिक्सही अगूटी मोडलेलाच आहे, आणि त्याला कुणी गरीब म्हणणार नाही. शेवंतीला विचारा, हात घातला की चावतो कोण.

ठिपक्यांचं म्हणाल तर आधी एक भेद मनात पक्का करायला हवा, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. पांढरा रंग दोन प्रकारांनी येतो. बाल्ब-सीमध्ये रंगपेशी जागच्या जागी हजर असतात, फक्त त्यांच्याजवळ रंग नसतो. पांढऱ्या ठिपक्यात रंगपेशीच पोचलेल्या नसतात.

या पेशी मूळच्या कातडीतल्या नाहीत. गर्भाच्या पाठीवर मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटते, तिच्या कडेवरून काही पेशी निघून सगळ्या शरीरात पायपीट करतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्यांतल्या काही रंगपेशी होतात, काही आतड्याच्या चेतापेशी, काही चेहऱ्याची हाडं, काही मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीचा गाभा. म्हणून ठिपक्याबरोबर इतर गोष्टी येतात. एन्डोथेलिन-बी ग्राही नसलेला ठिपक्यांचा उंदीर पाहा. त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी पोचतच नाहीत, मळ पुढे सरकत नाही, पोट फुगतं. आतल्या कानातही थोड्या रंगपेशी असतात आणि तिथला विजेचा दाब त्यांच्याशिवाय टिकत नाही. त्या पोचल्या नाहीत की उंदीर बहिरा होतो. पण बाल्ब-सीमध्ये पेशी आहेत, रंग नाही, तर त्या कारणाने तो बहिरा होत नाही. दोघेही पांढरेच, आणि आत इतका फरक.

स्टील नावाच्या जनुकाचे उंदीरही आठवतात. फिकट अंग, रक्त कमी. १९९६ मध्ये दिसलं की त्यांना जागेची आठवण ठेवणं जड जातं. ते जनुक रंगपेशींना वाट दाखवतं आणि मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागातही त्याला काम आहे.

२०१४ मध्ये विल्किन्स, रँगम आणि फिच यांनी मांडलं की शांतपणाची निवड म्हणजे नकळत न्यूरल क्रेस्ट थोडी दुबळी असलेल्या प्राण्यांची निवड. ॲड्रेनलचा गाभा लहान, म्हणून भीतीची उसळी कमी. रंगपेशी थोड्या, म्हणून ठिपके. कल्पना देखणी आहे. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका कोठारात माणसाच्या सहवासात राहिलेल्या रानउंदरांमध्ये, कुणी निवड केलेली नसताना, पांढरे ठिपके वाढलेले आणि डोकी किंचित आखूड झालेली आढळली. त्याने बळ मिळतं. पण ती अजून कल्पनाच आहे, आणि तिच्यावर जोरदार वाद चालू आहे. भीती ठरवणारा मेंदूचा भाग न्यूरल क्रेस्टपासून बनत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

रानवाट

दोन प्रकारचे पांढरे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हट्ट सोडत नाही, पण आता प्रश्न नीट विचारता येईल.

काजवा

शेवंती, मग आता चाचणी करायची कशी? आणि अजून एक. बघणाऱ्याला उंदीर पांढरा की काळा ते दिसतंच. औषधाच्या प्रयोगात डब्यावरचं नाव झाकता येतं, इथे केस कसे झाकणार?

शेवंती

झाकता येत नाहीत, आणि हीच माझी डोकेदुखी. म्हणून डोळ्याने मोजणं सोडलं. वर अवरक्त कॅमेरा, मोजणी संगणकाकडे. त्यातही खोच आहे. पांढऱ्या जमिनीवर पांढरा उंदीर संगणकाला सापडत नाही, काळ्या जमिनीवर काळा हरवतो. जमीन बदलली तर उंदराच्या दृष्टीने चाचणीच बदलली. सगळ्यांना एकच करडी जमीन ठेवायची आणि दोन्ही रंग ओळखले जाताहेत का हे आधी तपासायचं. शेपटीने उचलायचं तर आम्ही पूर्ण बंद केलं आहे, नळीत चालवत आणतो. शेपटीने उचललेला उंदीर आधीच घाबरलेला असतो, मग त्याची भीती मोजण्यात काय अर्थ?

उंदीरही बदलले. ब्लॅक सिक्समध्येच टायरोसिनेज आपोआप बिघडून निघालेला एक पांढरा वंश आहे. बाकी जनुकं ब्लॅक सिक्सचीच, शेजारीसुद्धा. त्या पांढऱ्याला काळा जोडला, त्यांची सगळी पिल्लं काळी आली, आणि त्यांतल्या माद्या पुन्हा पांढऱ्या नरांना दिल्या. आता निम्मी पिल्लं पांढरी आणि निम्मी काळी यायला हवीत, एकाच आईच्या दुधावर, एकाच पिंजऱ्यात. पांढऱ्या उजेडात आणि लाल उजेडात, दोन्ही भावंडांना सोडायचं आहे.

पहिली वीण आज सकाळी झाली. सात पिल्लं, अंगावर एक केस नाही, सगळी सारखीच गुलाबी. आईला त्रास नको म्हणून घरटं न हलवता नुसतं वाकून पाहिलं. चौघांच्या मिटलेल्या पापण्यांखाली काळा ठिपका दिसतोय. तिघांच्या नाही.